वाचक विचारतात : पॉयरोचे अखेरचे पर्व

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर ८ जानेवारी १९८९ रोजी सुरू झालेली 'अगाथा ख्रिस्तीज पॉयरो' ही मालिका १३ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली. तेरा पर्वे, सत्तर भाग आणि खासगी गुप्तहेर हर्क्युल पॉयरोच्या भूमिकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नट, डेव्हिड सुशे. तिच्या तेराव्या, म्हणजे अखेरच्या पर्वाबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ज्यांनी अजून काहीच पाहिलेले नाही त्यांचे प्रश्न आधी आहेत आणि त्यांच्या उत्तरांत खुनी कोण हे कुठेही सांगितलेले नाही. शेवटच्या तीन प्रश्नांत 'कर्टन' या अखेरच्या भागाचे सगळे रहस्य उघड होते. तिथे स्पष्ट सूचना दिली आहे.

आधीची बारा पर्वे पाहिलेली नाहीत. थेट अखेरचे पर्व पाहिले तर चालेल का? — पुणे

कथानक समजायला काहीच अडचण येणार नाही, कारण प्रत्येक भागातले प्रकरण त्याच भागात सुटते. पण हे पर्व निरोपाचे आहे आणि निरोप कोणाचा घेतला जातो आहे हे माहीत नसेल, तर पाचपैकी तीन भाग निम्मेच पोचतील. सत्तर भाग पाहायला वेळ नसेल तर पुढचे सहा भाग आधी पाहा. सगळे मिळून सुमारे आठ तास लागतात.

पहिला, १९८९चा 'द अॅडव्हेंचर ऑफ द क्लॅपहॅम कुक'. पॉयरो, कॅप्टन हेस्टिंग्ज, इन्स्पेक्टर जॅप आणि सेक्रेटरी मिस लेमन ही चौकडी इथे भेटते. दुसरा, १९९०चा 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स'. हा चुकवू नका. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला आलेला निर्वासित बेल्जियन पॉयरो आणि जखमी होऊन परतलेला हेस्टिंग्ज ज्या स्टाइल्स नावाच्या वाड्यात एकत्र काम करतात, त्याच वाड्यात 'कर्टन' घडते. तिसरा, १९९१चा 'द डबल क्लू'. काउंटेस रोसाकॉफ ही पॉयरोच्या मनात घर करून राहिलेली एकमेव स्त्री यात येते आणि अखेरच्या पर्वात ती पुन्हा भेटते. (तेव्हा किका मार्कहॅम होत्या, नंतर ऑर्ला ब्रेडी. चेहरा बदलला म्हणून गोंधळू नका.) चौथा, २०००चा 'लॉर्ड एजवेअर डाइज', म्हणजे चौकडी पुन्हा एकत्र. पाचवा, २००६चा 'कार्ड्स ऑन द टेबल'. रहस्यकथा-लेखिका अॅरिअॅडनी ऑलिव्हर, म्हणजे झोई वॉनामेकर, इथून मालिकेत येतात. सहावा, २०१०चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'. कायदा आणि न्याय यांच्यात निवड करताना पॉयरोच्या श्रद्धेची ओढाताण कशी होते हे त्यात दिसते. बर्फातून चालणाऱ्या पॉयरोच्या हातातली जपमाळ लक्षात ठेवा, 'कर्टन' पाहताना ती उपयोगी पडेल.

पाच भाग कोणत्या क्रमाने पाहावेत? एका यादीत 'एलिफंट्स'ची तारीख बाकीच्यांपासून फार दूर दिसते. — डोंबिवली

यादी बरोबर आहे. 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' ९ जून २०१३ रोजी एकटाच दाखवला गेला. उरलेले चार शरद ऋतूत, लागोपाठच्या बुधवारी आले: 'द बिग फोर' २३ ऑक्टोबर, 'डेड मॅन्स फॉली' ३० ऑक्टोबर, 'द लेबर्स ऑफ हर्क्युलीस' ६ नोव्हेंबर आणि 'कर्टन' १३ नोव्हेंबर. अमेरिकेतल्या प्रेक्षकांपर्यंत हे चार भाग २०१४ मध्ये पोचले, त्यामुळे तिकडच्या याद्यांत साल आणि पर्वाचा आकडा दोन्ही सरकलेले दिसतात. पर्वाच्या आकड्यावर विसंबू नका, भागाच्या नावावरून शोधा.

क्रम प्रसारणाचाच ठेवा. 'डेड मॅन्स फॉली'मधला उन्हाळी डेव्हन, मग 'लेबर्स'मधले बर्फात अडकलेले हॉटेल आणि पॉयरोच्या मनावरचे ओझे, मग 'कर्टन'. हा उतार जाणूनबुजून दिलेला वाटतो आणि तो मोडू नये. भाग प्रत्येकी सुमारे दीड तासाचे आहेत. पहिले चार लागोपाठ पाहिले तरी हरकत नाही, 'कर्टन' मात्र वेगळ्या दिवशी, जेवणे उरकल्यावर, फोन बाजूला ठेवून पाहा.

आणखी एक खबरदारी. भाग सुरू करण्याआधी कलाकारांची यादी उघडू नका. इंटरनेटवरच्या याद्यांत पात्राच्या नावापुढे त्याचे खरे नाते किंवा दुसरे नाव सर्रास छापलेले असते, आणि निदान दोन भागांचे रहस्य तिथेच फुटते.

'एलिफंट्स कॅन रिमेंबर' पुस्तक वाचले आहे. त्यात वर्तमानकाळात काहीच घडत नाही, पडद्यावर मात्र नवा खून आहे. कारण काय? — सातारा

पुस्तक १९७२चे. त्यातला सगळा शोध म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करणे: रेव्हन्सक्रॉफ्ट दांपत्यापैकी कोणी कोणाला गोळी घातली? नव्वद मिनिटे नुसत्या आठवणींवर निघत नाहीत, म्हणून पटकथाकार निक डिअर यांनी एका डॉक्टराचा खून नव्याने घातला आणि पॉयरोला त्या कामाला लावले. जुने प्रकरण मिसेस ऑलिव्हर सांभाळतात. दोन्ही धागे जुळतात, पण नवा धागा थोडा भडक आहे. पुस्तकाची खरी गंमत विग आणि कुत्रा या दोन साध्या खुणांत आहे आणि त्या पडद्यावरही आहेत. विग किती आणि कुत्रा कोणाशी कसा वागला, एवढ्याकडे लक्ष ठेवा.

'द बिग फोर'चा पुस्तकाशी संबंधच उरलेला नाही. एवढी मोडतोड कशाला? — नाशिक

आमच्या मते इथे मोडतोड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९२७चे हे पुस्तक मुळात कादंबरी म्हणून लिहिलेलेच नव्हते. १९२४ मध्ये 'द स्केच' साप्ताहिकात आलेल्या बारा कथा एकमेकींना जोडून ते उभे केले गेले. १९२६च्या अखेरीस ख्रिस्ती वैयक्तिक आयुष्यातल्या मोठ्या धक्क्यातून जात होत्या, नवे लिहिणे शक्य नव्हते आणि जोडणीच्या कामात दीर कॅम्पबेल ख्रिस्ती यांनी हात लावला. परिणामी पुस्तकात जगावर राज्य करू पाहणारी चौकडी, चिनी सूत्रधार, डोंगराच्या पोटातला अड्डा असे सगळे आहे, आणि पॉयरो त्यात परका वाटतो.

पटकथाकार मार्क गॅटिस आणि इयन हॅलर्ड यांनी पुस्तकातली नावे, बुद्धिबळाचा डाव आणि पॉयरोच्या मृत्यूची बातमी एवढे ठेवले आणि कथा दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर नेली. जगावरचे संकट खरे की बनावट, हा नवा प्रश्न त्यांनी उभा केला आणि तो पॉयरोला शोभतो. उत्तरार्ध घाईचा आहे, खुन्याचे कारण पटायला जड जाते, हे मान्य. तरीही या भागाचे मोल दुसरीकडे आहे. २००१च्या 'ईव्हिल अंडर द सन'नंतर हेस्टिंग्ज (ह्यू फ्रेझर), जॅप (फिलिप जॅक्सन) आणि मिस लेमन (पॉलिन मोरन) पहिल्यांदाच एकत्र येतात. जॅप आता असिस्टंट कमिशनर झाला आहे. ही भेट घडवली नसती, तर 'कर्टन'मध्ये हेस्टिंग्ज बारा वर्षांच्या खंडानंतर अचानक उगवल्यासारखा वाटला असता.

'लेबर्स ऑफ हर्क्युलीस'मध्ये बारा कथा एका भागात कोंबल्या आहेत का? — मडगाव

नाही, आणि बरेच चाहते त्यामुळेच हळहळतात. १९४७च्या संग्रहात ग्रीक वीराच्या बारा पराक्रमांवर बेतलेल्या बारा कथा आहेत. पटकथाकार गाय अँड्र्यूज यांनी सांगाडा 'एरिमँथियन बोअर' या कथेचा घेतला: स्वित्झर्लंडमधले उंचावरचे हॉटेल, बर्फामुळे तुटलेली वाट, पाहुण्यांत लपलेला मारास्को नावाचा खुनी. त्यात 'आर्केडियन डिअर' आणि 'स्टिम्फेलियन बर्ड्‌स' यांचे प्रसंग विणले, हरवलेल्या चित्राचा धागा 'गर्डल ऑफ हिपोलिटा'मधून आणला आणि काउंटेस रोसाकॉफ 'कॅप्चर ऑफ सर्बेरस'मधून. उरलेल्या कथा वाऱ्यावर सोडल्या. 'नेमियन लायन'सारखी हलकीफुलकी कथा, ज्यात पळवलेला पेकिनीज कुत्रा शोधायचा असतो, तिला स्वतंत्र भाग मिळायला हवा होता. सुरुवातीच्या पर्वांत पन्नास मिनिटांचे भाग होते तेव्हा ते सहज जमले असते, पण १९९३ नंतर मालिकेने फक्त मोठे भाग केले.

एक बारीक गोष्ट चाहत्यांसाठी. भागाच्या सुरुवातीला मारल्या जाणाऱ्या तरुणीचे नाव ल्युसिंडा ल मेझरिए आहे. 'द लमेझरिए इनहेरिटन्स' ही पॉयरोची एकच लघुकथा कुठल्याच रूपात पडद्यावर आली नव्हती, तिचे नाव इथे देऊन ठेवले आहे. तेहतीसच्या तेहतीस कादंबऱ्या मात्र झाल्या. 'ब्लॅक कॉफी' हे नाटक घेतले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला जाणार आहोत. मालिकेतल्या जागा पाहता येतील का? — ठाणे

एक जागा आवर्जून पाहा: ग्रीनवे. डेव्हनमध्ये डार्ट नदीच्या काठी हे अगाथा ख्रिस्ती यांचे सुट्टीतले घर होते. त्यांनी ते १९३८ मध्ये सहा हजार पौंडांना घेतले. 'डेड मॅन्स फॉली'मधले नॅस हाउस ख्रिस्तींनी याच घरावरून बेतले होते आणि भागाचे चित्रीकरणही इथेच झाले. आता घर आणि बाग ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

जाण्यासाठी रेल्वेने पेइंटनला उतरा. तिथून वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी निघते. तिला ग्रीनवे हॉल्ट असा छोटा थांबा आहे, मात्र गाडी तिथे थांबावी असे गार्डला आधी सांगावे लागते. थांब्यापासून घरापर्यंत झाडीतून चढउताराची पायवाट आहे, बरोबर वयस्क माणसे असतील तर ती टाळा. त्यांच्यासाठी डार्टमथहून येणारी नाव बरी, तरी धक्क्यापासून घरापर्यंत चढ आहेच. स्वतःची मोटार नेणार असाल तर गाडी लावायची जागा आधी राखून ठेवावी लागते, ऐनवेळी गेलात तर परत पाठवतात. घर कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत उघडे असते ते मोसमानुसार बदलते, तारीख ठरवण्यापूर्वी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

पोचल्यावर घरात रेंगाळण्याआधी नदीकाठचे बोटहाउस गाठा. गावातल्या जत्रेसाठी मिसेस ऑलिव्हर 'खुनाचा शोध' हा खेळ रचतात, त्यात प्रेताचे सोंग घेतलेली चौदा वर्षांची मार्लीन खरोखरच मेलेली सापडते, ते हेच बोटहाउस. या कथेचा जन्मही इथल्याच परिसरातला. जवळच्या चर्स्टन फेरर्स गावातल्या चर्चला रंगीत काचेच्या खिडकीसाठी पैसे हवे होते, म्हणून ख्रिस्तींनी १९५४ मध्ये पॉयरोची एक दीर्घकथा लिहिली. तिची लांबी मासिकांना सोयीची नव्हती, विकली गेली नाही. मग त्यांनी चर्चला मिस मार्पल या आपल्या दुसऱ्या गुप्तहेराची एक वेगळी कथा दिली आणि ही वाढवून १९५६ची 'डेड मॅन्स फॉली' केली. ती खिडकीही चर्चमध्ये पाहता येते.

लंडनमध्ये पॉयरोचे घर, व्हाइटहेवन मॅन्शन्स, म्हणून दिसणारी इमारत म्हणजे चार्टरहाउस स्क्वेअरमधले फ्लोरिन कोर्ट. बार्बिकन भुयारी स्थानकापासून पायी पाच मिनिटे. लोक राहतात, आत सोडत नाहीत. चौकातून फोटो काढा.

'कर्टन'मध्ये सुशे ओळखूच येत नाहीत. एवढा फरक नुसत्या रंगभूषेचा आहे का? — छत्रपती संभाजीनगर

रंगभूषा आहे, पण मुख्य काम शरीराचे आहे. एरवीचा गोल पॉयरो हा कपड्यांखाली बांधलेल्या गादीचा परिणाम होता; सुशे स्वतः तेवढे जाड नव्हते. 'कर्टन'साठी ती गादी काढून टाकली आणि शिवाय त्यांनी सुमारे दोन स्टोन, म्हणजे साडेबारा किलोंच्या आसपास वजन उतरवले. गालफडे बसली, मान बारीक झाली, कॉलर सैल पडली. पॉयरोची कॉलर सैल, हे एकच दृश्य नेहमीच्या प्रेक्षकाला पुरेसे असते.

म्हणूनच या पर्वाच्या चित्रीकरणाचा क्रम प्रसारणापेक्षा वेगळा होता. शेवटचा भाग सर्वांत आधी केला. पॉयरोच्या मृत्यूचा प्रसंग २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पाइनवुड स्टुडिओत चित्रित झाला. नंतर वजन पूर्ववत करून बाकीचे भाग झाले आणि २०१३च्या जूनमध्ये ग्रीनवेला 'डेड मॅन्स फॉली'ने काम संपले. क्रम उलटा ठेवला असता तर चार भागांचे श्रम अंगावर घेऊन उपासमार करावी लागली असती, आणि मालिकेचा अखेरचा दिवस मृत्युशय्येवर गेला असता. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी दोन्ही टाळले.

आवाजाकडेही कान द्या. सुशे यांचा मूळ आवाज छातीतून येणारा, खर्जातला आहे. पॉयरोसाठी तो त्यांनी डोक्यात चढवला. 'कर्टन'मध्ये तीच जागा ठेवून श्वास कमी केला आहे, त्यामुळे वाक्ये मध्येच तुटतात पण उच्चार तसूभरही ढिले होत नाहीत. भूमिका स्वीकारताना त्यांनी पुस्तके वाचून पॉयरोच्या सवयींची ९३ कलमांची यादी केली होती. चहा-कॉफीत साखरेचे खडे चार, कधी तीन, एक-दोनदा पाच, इथपर्यंत! चोवीस वर्षांनी, चाकाच्या खुर्चीतही ती यादी पाळलेली दिसते.

परदेशातून आणलेली तबकडी आमच्या यंत्रावर चालत नाही. — अकोला

विभागाचा प्रश्न आहे. ब्रिटनमधली डीव्हीडी विभाग दोनची असते, भारतातली यंत्रे विभाग पाचची. अमेरिकेतली तबकडी विभाग एकची. ब्लू-रे असेल तर ब्रिटनचा विभाग बी आणि भारताचा सी. यंत्र सर्व विभागांचे आहे का ते पुस्तिकेत पाहा. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण बहुतेक ड्राइव्ह पाचच वेळा बदलू देतात आणि नंतर शेवटचा विभाग कायमचा बसतो. तेव्हा सहज म्हणून बदलत बसू नका. घेताना मागच्या बाजूला भागाची लांबी पाहा: नव्वद मिनिटांच्या जवळपास असेल तर पूर्ण आहे, ऐंशीच्या आत असेल तर कापलेली आवृत्ती आहे. इंग्रजी उपशीर्षके असलेलीच घ्या. जॅपचे बोलणे आणि पॉयरोची फ्रेंच वाक्ये त्याशिवाय निसटतात.

सूचना : येथून पुढे 'कर्टन'चे संपूर्ण रहस्य उघड केले आहे. पाहिले किंवा वाचले नसेल तर इथेच थांबावे.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. बार्बरा फ्रँकलिनचा मृत्यू ज्या विषाने होतो ते शास्त्राला धरून आहे का? आणि कप नेमके कसे बदलले? — सोलापूर

विष खरे आहे. फायसोस्टिग्मिन हे कॅलाबार बी नावाच्या पश्चिम आफ्रिकेतल्या शेंगेतून मिळते. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात आरोपीला ते बी खायला देऊन दोषी की निर्दोष ठरवण्याची प्रथा होती, आणि कादंबरीतला डॉ. फ्रँकलिन याच 'दिव्याच्या', म्हणजे दोषनिर्णयाच्या कसोटीच्या, बीवर संशोधन करतो. तुम्हाला ठाऊकच आहे की हे द्रव्य अॅसिटिलकोलिन मोडणारे विकर अडवते. लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. काचबिंदूवर औषध म्हणून ते वापरले गेले आणि विषबाधेवर अॅट्रोपिन देतात. ख्रिस्ती हे ऐकीव माहितीवर लिहीत नव्हत्या. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषधविभागात होत्या, १९१७ मध्ये त्यांनी त्याची परीक्षा दिली, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये पुन्हा तेच काम केले. 'कर्टन' त्याच काळात लिहिली गेली.

कपांचे असे आहे. कादंबरीत कॉफी ज्या टेबलावर मांडली आहे ते खाली पुस्तके ठेवायचे फिरते कपाट आहे. बार्बराने नवऱ्याच्या, म्हणजे डॉ. फ्रँकलिनच्या, कपात विष घातले आणि तो समोरच्या बाजूला ठेवला. तेवढ्यात तुटता तारा पाहायला सगळे सज्जात गेले. हेस्टिंग्ज एकटाच शब्दकोडे सोडवत आत बसला होता. शेक्सपिअरचा एक उतारा तपासायला त्याने पुस्तकासाठी कपाट फिरवले आणि तसेच सोडले. अर्धा फेरा झाला, समोरचा कप अलीकडे आला. बार्बरा परत येऊन आपल्या जागेवरचा कप प्यायली. म्हणजे तिला मारणारा हात हेस्टिंग्जचा, आणि ते त्याला चार महिन्यांनी पॉयरोच्या पत्रातून कळते. संशय फ्रँकलिनवर किंवा हेस्टिंग्जची मुलगी ज्युडिथ हिच्यावर जाऊ नये म्हणून पॉयरो चौकशीत खोटी साक्ष देतो: बार्बरा हातात बाटली घेऊन प्रयोगशाळेतून बाहेर पडताना मी पाहिली. निकाल आत्महत्येचा लागतो. पॉयरोने पुरावा बनवल्याचे बहुतेकांच्या पहिल्या वाचनात ध्यानातच येत नाही.

नॉर्टनला कायद्याने का पकडता आले नसते? चिथावणी हा गुन्हाच आहे. वकील म्हणून हे खटकते. — नागपूर

नॉर्टन हा 'कर्टन'मधला खरा खलनायक, स्वतः हात न लावता इतरांना खुनापर्यंत नेणारा. चिथावणी सिद्ध करायला बोललेले शब्द लागतात आणि नॉर्टन तसे शब्द बोलतच नाही. कर्नल लटरेलला त्याची बायको चारचौघांत घालून पाडून बोलते, तेव्हा नॉर्टन फक्त सहानुभूती दाखवतो आणि बोलणे ऐकू जाईल अशा जागी माणसे उभी करतो. नंतर शिकारीच्या अपघातांचा विषय निघतो. थोड्या वेळाने कर्नल ससा समजून बायकोवर गोळी झाडतो. ज्युडिथच्या मागे असल्याचा संशय असलेल्या अॅलर्टनबद्दल तो हेस्टिंग्जला सांगत नाही, सांगायचे टाळतो, आणि त्या टाळण्यानेच हेस्टिंग्ज अॅलर्टनला मारण्यासाठी विषाच्या गोळ्यांपर्यंत पोचतो. भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये अपप्रेरणेची तीन रूपे आहेत: चिथावणे, कटात सामील होणे, हेतुपुरस्सर मदत करणे. नॉर्टन तिन्हींच्या बाहेर उभा राहतो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधला कपटी इयागो निदान खोटे बोलतो आणि रुमाल पेरतो. नॉर्टनला तेवढेही करावे लागत नाही. पुस्तकातल्या जुन्या पाचही प्रकरणांत दुसरेच कोणी दोषी किंवा संशयित ठरले, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये खुनाच्या दोषसिद्धीला फाशी ठरलेली होती. मालिका 'कर्टन' १९४९ मध्ये ठेवते, हे त्यासाठी महत्त्वाचे.

पॉयरोने नॉर्टनला मारले ते तपशिलाने समजले नाही. खोली आतून बंद होती ना? आणि पॉयरोचा मृत्यू आत्महत्या मानायचा का? — इंदूर

क्रमाने सांगतो. पॉयरो नॉर्टनला बोलावून त्याचे कृत्य तोंडावर सांगतो आणि चॉकलेटचा कप पुढे करतो. संशयी नॉर्टन कपांची अदलाबदल मागतो. दोन्ही कपांत झोपेचे औषध सारखेच आहे, पण पॉयरो ते रोज घेत असल्याने त्याला चढत नाही. नॉर्टन झोपल्यावर पॉयरो त्याला स्वतःच्या चाकाच्या खुर्चीतून त्याच्या खोलीत नेतो. पॉयरोला चालता येते हे कोणालाच माहीत नाही. जुना नोकर जॉर्ज याला रजा देऊन, काही न जाणणारा कर्टिस ठेवण्याचे कारण हेच होते. मग पॉयरो आपला टोप आणि खोट्या मिशा उतरवतो, नॉर्टनचा ड्रेसिंग गाऊन चढवतो, केस विस्कटून लंगडत हेस्टिंग्जच्या दारावरून जातो. दोघेही बुटके. हेस्टिंग्जने नॉर्टनला खोलीत शिरताना पाहिले आणि कुलूप लागल्याचा आवाज ऐकला, अशी त्याची साक्ष होते. गोळी झाडल्यावर पिस्तूल नॉर्टनच्या हातात, एक किल्ली त्याच्या खिशात, आणि आधीच करून ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने दार बाहेरून बंद.

एकच गोष्ट चुकते. गोळी कपाळाच्या अगदी मधोमध बसते. आत्महत्या करणारा सहसा कानशिलाला पिस्तूल लावतो, पण पॉयरोच्या हाताला असमतोल जमत नाही. हेस्टिंग्जला ती जखम खटकते, कारण मात्र पत्र वाचेपर्यंत उमगत नाही.

त्यानंतर पॉयरो हृदयाच्या कळेवरच्या अॅमिल नायट्राइटच्या कुप्या हाताच्या अंतराबाहेर सरकवतो. ही काचेची कुपी रुमालात फोडून हुंगायची असते. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कळ काही क्षणांत ओसरते, त्यामुळे ती हाताशी असण्याला अर्थ आहे. त्याने मारणारे काही घेतले नाही, फक्त जे औषध घ्यायचे ते घेतले नाही. कॅथलिक पॉयरो याला देवाच्या हाती निर्णय सोपवणे म्हणतो. आमच्या मते याला आत्महत्या म्हणता येणार नाही आणि नैसर्गिक मृत्यूही म्हणता येणार नाही. ख्रिस्तींनी ते मुद्दाम दोन्हींच्या मधे ठेवले. पुस्तकात हे सारे पत्रातून कळते. केव्हिन एलियट यांची पटकथा मात्र कॅमेरा पॉयरोच्या खोलीत नेते आणि तो जपमाळ हातात धरून क्षमा मागताना दाखवते. पुस्तकातला पॉयरो आपण बरोबर केले की नाही ते कळत नाही असे लिहून ठेवतो. पडद्यावरचा पॉयरो त्याच प्रश्नाने घाबरलेला आहे. आम्हाला पडद्यावरचे रूप अधिक खरे वाटते, कारण 'ओरिएंट एक्स्प्रेस'पासून मालिकेने त्याची तयारी केली होती. ज्यांना पुस्तकातला शांत पॉयरो हवा असेल, त्यांनी शेवटचे पत्र पुन्हा वाचावे. हस्तलिखित तीस वर्षांहून अधिक काळ कुलपात राहिले आणि कादंबरी १९७५ मध्ये आली. त्याच वर्षी ६ ऑगस्टला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोचा मृत्युलेख छापला होता.